सावली नसलेला भार्गव

नरसिंगरावांची सारी नोकरी आदिलाबादच्या एका कचेरीत नकला काढण्यात गेली. नक्कल असलाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी शिक्का उमटवला नाही. लोक चिडायचे, साहेब चिडायचे, हे आपले चष्मा पुसत बसायचे. घरातही तीच खोड. रमाबाईंच्या पोह्यांत कालच्यापेक्षा काय कमी आहे ते सांगितल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

अशा माणसाचा मुलगा, भार्गव, उन्हाळ्यात नेरडीगोंड्याजवळ हायवेवर अपघातात गेला. मागे राहिलं त्याचं नवंकोरं गेम खेळायचं यंत्र. त्यातल्या क्रिकेटच्या खेळात त्यानं मोबाइलवरून स्वतःचाच चेहरा चढवून ठेवला होता. दिवाळीला माहेरी आलेल्या यामिनीनं ते टीव्हीला जोडलं, आणि तिचा मेलेला भाऊ बॅट घेऊन मैदानात उतरला. नरसिंगरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"चेहरा धुरकट काऊन हाय याचा?" जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं.

"यात दोन तऱ्हा हायेत, बाबा. एक रिझोल्यूशनची. चित्र एकदम रेखीव, पण ऊन-सावली उडते. दुसरी फिडेलिटीची, आता लागली ते. ऊन, सावली, घाम सगळं खऱ्यावानी, पण चित्र जरा पुसट. यंत्राची ताकद तेवढीच. दोन्ही संगं नाई देत."

"साफ कर. साफ तीच खरी नक्कल."

इथंच म्हातारा चुकला. जन्मभर कागद पाहिले त्यानं, आणि कागदाला सावली नसते.

यामिनीनं बदल केला. हनुवटीवरचा व्रण, भुवईतला तीळ, सगळं असलबरहुकूम. नरसिंगराव मान डोलावत रडले. तेवढ्यात रमाबाई हात पुसत आल्या. त्या मात्र लेकाच्या पायाशी बघत राहिल्या.

"अवो, याची सावली कुठं हाय?"

मैदानावर लख्ख ऊन होतं. सावली कुणालाच नव्हती, पण आईला इतरांशी काय घेणं!

भुताला सावली नसते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोरगं अडकून राह्यलं, म्हणत रमाबाईंनी त्या खोलीच्या उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली. जेवण सोडलं. या घरात राहत नाही, तलमडुगुला भावाकडे जाते, म्हणू लागल्या. पोरगा गेलाच होता, आता बायकोही हातची जाते की काय, या धास्तीनं नरसिंगराव अर्धे झाले.

"ते पयलंच लाव," शेवटी ते यामिनीला म्हणाले. "तुझ्या मायले सावली दाखव."

दुपारी त्यांनी रमाबाईंना हाताला धरून आणलं. भार्गव उभा होता. पायाशी लांब काळी सावली, मानेवर घाम, चेहरा पुसट. रमाबाई राख ओलांडून आत आल्या, पडद्यासमोर बसल्या आणि कितीतरी महिन्यांनी हसल्या.

"पाह्यलं? सावली हाय त्याले. भूत नाई झाला आपला पोरगा," नरसिंगराव म्हणाले. त्यांना हायसं वाटलं होतं.

"चेहरा नीट दिसत नाई, आई," यामिनी पुटपुटली.

"चेहरा मले पाठ हाय."

मग रमाबाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोचा हार काढला.

"भूत नाई म्हणता. सावलीबी हाय. मंग मेला कुठं तो?"

रमाबाई पडद्याला गाल लावून हळूहळू काही सांगत होत्या. खेळ थांबला की यंत्र खेळाडूला उगाच थोडं हलवतं, हे यामिनीनं आधीच समजावलं होतं. नरसिंगरावांना ते कळतही होतं. तरी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं: आधी सावलीनं मान वळवली, मग भार्गवनं. वळवली ती रमाबाईंकडे.

"बाबा, बंद करू?" यामिनीनं बटणाकडे हात नेला.

नरसिंगरावांनी तिचा हात धरला.

"राहू दे. माय बोलून राह्यली त्याच्यासंगं."