कोळंबीचं पाणी

बाल्कनीतल्या कढीपत्त्याला आज कोळंबी धुतलेलं पाणी घातलं आणि त्या वासासरशी मी कोपरीच्या आमच्या परसात पोचले. तेव्हा मी दहा वर्षांची. आई हे पाणी फक्त शेवग्याला घालायची. मी मात्र तिची मिरचीची कोवळी रोपं झटपट वाढावीत म्हणून त्यांना घातलं. मागे वळते तोच सगळ्या कोंबड्या वाफ्यात! कोळंबीची सालं शोधत त्यांनी रोपं भराभर उकरून काढली.

"अगो, हाकल त्यांना!" आई सूप घेऊन धावली, मी झाडू घेऊन. दोघी चिखलात आपटलो. आता मार बसणार, तर आई हसतच सुटली. एकच रोप वाचलेलं.

आज पाणी ओतलं आणि हात आपोआप उगारला गेला, "हुश्!"

सातव्या मजल्यावर कोण येणार? तरी मी जरा थांबले.