उन्हात ठेवलेलं किचेन

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची जीप भरणाऱ्या त्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. ग्राहक हक्कांच्या पत्रकांची पिशवी घेऊन मी रोज त्याच्याच जीपने जायचे. ठाण्यात कामाला असलेल्या लेकीने त्याला अंधारात आपोआप चमकणारं, किल्ल्या अडकवायचं किचेन दिलं होतं. सोलर कंदिलासारखं तो ते बॉनेटवर उन्हात ठेवायचा. जीप भरेना की त्याच किचेनच्या किल्ल्यांनी जीपचा पत्रा बडवत ओरडायचा, "मोखाडा, मोखाडा!"

एकदा मी भडकलेच. "दादा, याला ऊन नको, सेलही नको. आत काचेच्या नळीत ट्रिटियम वायू आहे. त्याच्या किरणांनी काचेचा आतला लेप वर्षानुवर्षं चमकतो. काच शाबूत तोवर किरण बाहेर येत नाहीत. अशी पत्र्यावर आपटून फुटली तर? वायू थोडाच, पण श्वासात कशाला घ्यायचा? विकणाऱ्याने हे सांगायला नको? डोंगरातल्या माणसाला सगळे गृहीतच धरतात!"

"मंग फुटली तं काय करायचं?"

"तुकड्यांना हात लावायचा नाही. खिडक्या उघडून बाहेर पडायचं, वारा खेळू द्यायचा."

तो खो खो हसला. "ताय, माझ्या जीपला खिडकीची काच हाये कुठं?"

मी पिशवी उचलून मागच्या सीटवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मात्र तो तळहाताने पत्रा बडवत होता. किचेन बॉनेटवर, रुमालाच्या घडीवर, उन्हातच.

"अहो, ऊन नको म्हटलं ना?"

"त्याला नको. पन लेकीनं दिलंय, लोकांना दिसाया नको?"