नऊचा एक झाला

आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीवर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, माय आजारी पडली. मी नवस बोलले, उपास धरले, तरी माय गेली. त्या दिवसापासून सुरतेतल्या माझ्या खोलीत मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. ऐकायचंच नाही, तर हाक तरी कशाला मारायची?

मी इथल्या एका इस्पितळात सिस्टर आहे. ड्यूटी सकाळी सहाची. पाच दहाची सिटी बस चुकली की खेळ खलास. आणि झोपेच्या बाबतीत मी कुंभकर्णाची धाकटी बहीण. अलार्म झोपेतच बंद करते आणि तो वाजला होता हेही आठवत नाही. चार वर्षं मला उठवलं ते रनाळ्याहून, आमच्या गावाहून, मायनं. पावणेपाचला फोन: "उठनी का वं?" तिच्या मागे म्हैस ओरडत असायची, बादलीची कडी वाजायची. "उठनू वं माय" म्हटलं तरी ती फोन ठेवायची नाही. नळाचं पाणी पडताना ऐकलं की मगच म्हणायची, "कानबाईनं नाव ले आनि नीघ." मी करवादायचे. रोज तेच तेच! मग बसच्या खिडकीशी बसले की मायचा आवाज कानात असायचा आणि नंदुरबारच्या पथारीवर, त्या मोकळ्या मैदानात, वाळणाऱ्या लाल मिरचीचा ठसका उगाच नाकात यायचा. लहानपणी मायबरोबर तिथे मिरच्या निवडायला जायचे मी. किती बरं वाटायचं, ते आता कळतं.

माय गेल्यावर दोनदा उशीर झाला. मेट्रन बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नका." दुसरी नोकरी हाताशी नव्हती, आणि रनाळ्याला परतून मायविना त्या घरात बसायची माझी हिंमत नव्हती.

श्रावणातला तो शनिवार. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसणार होती. आमच्या घरी दुखवटा, म्हणून यंदा नाही. रात्री रडत रडतच झोपले. पहाटे फोन वाजला तेव्हा डोळे न उघडताच कानाला लावला.

"उठनी का वं? गाडी चुकी जाई!"

"उठनू वं माय," मी सवयीनं म्हणाले, आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. "कोन बोली ऱ्हायनं?"

"कोन म्हनजे? तुन्ही माय, आखो कोन!" पलीकडची बाई चिडलीच. "कानबाईनं नाव ले आनि नीघ." आणि फोन बंद.

खान्देशातली कुठलीही माय लेकीला हेच म्हणेल, हे मला कळत होतं. तरी मी हमसून हमसून रडले. मग घड्याळ पाहिलं. अलार्म कधीचाच बंद केलेला होता. तोंडावर पाणी मारलं, धावत सुटले आणि सुटती बस पकडली.

बसमध्ये जिवाला चैन पडेना. त्या माउलीची खरी लेक अजून झोपलेलीच असणार! परत फोन लावला. उलगडा झाला तो असा. ती तापीकाठच्या एका गावची. तिची लेकही सुरतेत कामाला, आणि सकाळच्या गाडीनं सणाला घरी निघायची होती. एरवी लेकच फोन करायची. स्वतः नंबर दाबायची मायची ही पहिलीच वेळ. नंबर लेकीनं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेला. कानबाईसाठी घराला चुना दिला, त्यात शेवटचा नऊ अर्धा पुसला आणि त्याचा एक झाला. म्हणजे तो झाला माझा नंबर. मी माझ्याच नंबरात शेवटच्या एकाच्या जागी नऊ घालून लेकीला फोन लावला.

"कोण?" झोपाळू आवाज.

"तुन्ही माय म्हनस, उठ. गाडी चुकी जाई."

तिला गाडी मिळाली, आणि मी सहाला पाच कमी असताना वॉर्डात उभी होते. मेट्रन बाईंनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि हजेरीचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

दुपारी त्या मावशीचा पुन्हा फोन आला. सकाळी बोलता बोलता मी तिला माय गेल्याचं सांगितलं होतं. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू दळायला घेतात, आणि तो रोट भावकीबाहेर कुणाला देत नाहीत. ती म्हणाली, "बेटा, तुन्हा नावना बी सव्वा मूठ गहू टाकी दिधात. तुन्हा घर यंदा रोट नही, मंग मन्हा घरना खाय."

 ज्या देवीशी मी बोलणं टाकलं होतं, तिच्याच रोटात माझं नाव पडलं होतं. हा चमत्कार की चुन्याचा हात, ते मला ठरवायचं नाही. मी मागितलं होतं ते तिनं दिलं नाही, आणि जे मागायचं मला सुचलंही नसतं ते दिलं. त्या संध्याकाळी दिवा लावला. काही मागितलं नाही.

मावशी आता रोज पावणेपाचला फोन करते. हल्ली मी चारलाच जागी होते आणि फोन हातात घेऊन वाट बघत बसते. हे तिला सांगितलेलं नाही. "उठनी का वं?" ती विचारते, आणि मी मुद्दाम झोपाळू आवाज काढून म्हणते, "उठनू वं माय."