जेवायची हाक

आयर्लंडमधल्या नास गावात आमच्या शेजारच्या आयरिश आजींचं सगळं ‘ग्रँड’ असतं. पाऊस ग्रँड, दुखरा गुडघाही ग्रँड. फक्त ऑस्ट्रेलियातल्या पोराचा विषय निघाला की त्यांचा चहा गार होतो. “जेवत असेल का गं नीट?” मला वाटायचं, नातू असेल. इथल्या घराघरातलं कुणीतरी तिकडे आहेच.

परवा ऑफिसच्या कामाला सिडनीला निघाले, म्हणून मी त्याचा पत्ता मागितला. तेव्हा कळलं, तो त्यांच्या पणजोबांचा काका. बुटांचा जोड चोरला म्हणून जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी कोवळ्या वयात जहाजात घालून सिडनीला काळ्या पाण्यावर पाठवलेला. परत आलाच नाही. आता नावही कुणाला ठाऊक नाही.

“तिथल्या धक्क्यावर त्याला एकदा हाक मार,” आजी म्हणाल्या. “तुमच्याकडे पोरांना जेवायला बोलावतात, तशीच. आमच्यातलं कुणी बोलवायला गेलंच नाही.”

सिडनीच्या धक्क्यावर आधी लाज वाटली. मग लोकांची नजर चुकवून मी ओरडले, “चल रे बाळा, पानं घेतलीत!”

आवाज थेट नागपूरच्या आईचा निघाला. आणि दचकून मागे वळून पाहिलं, ते मीच.