तांबडे कफन विणणारी राकेताका

राकेताका ही आमच्या अंबातूफुत्सी गावातील कफने विणणारी बाई होती. ती आता हयात नाही. तिच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते क्रमाने आणि खरे लिहावे, अशी माझी इच्छा आहे. मी अक्षरे उतारवयात, प्रार्थनाघरातील प्रौढांच्या वर्गात शिकलो. राकेताका त्याच वर्गात माझ्या पुढच्या चटईवर बसत असे आणि चुकली की स्वतःलाच रागे भरत असे.

रानरेशमाचे कोष ती राखेच्या पाण्यात उकळी, चातीवर सूत काढी, ते तांबडे रंगवी आणि जमिनीलगतच्या मागावर विणी. आमच्या मादागास्कर बेटावर तांबड्या रेशमाशिवाय कोणी पूर्वजांकडे जात नाही. पूर्वजांकडे जाणे म्हणजे कुळाच्या दगडी थडग्यात, आपल्या माणसांच्या शेजारी, दगडी फळीवर निजणे. ज्याला ती जागा मिळत नाही तो मेल्यावर कोणाचाच राहत नाही. राकेताकाचा धाकटा भाऊ रावेलू याला ती जागा मिळाली नव्हती.

जुन्या राणीने नव्या धर्माची प्रार्थना करण्यास मनाई केली होती. रावेलू, मी आणि आणखी काही जण प्रार्थना करताना पकडले गेलो. आमच्या गळ्यांत लोखंडी कडी घालून, ती एका साखळीत ओवून, आम्हाला पूर्वेच्या तापाच्या रानात धाडण्यात आले. रावेलू वाटेतच तापाने गेला. त्याच्या गळ्यातले कडे सोडवण्यासाठी शिपायांनी जे केले ते मी लिहीत नाही. आम्ही त्याच्यावर माती लोटली, आणि पुढे त्याच्या वाटणीचे लोखंडही आम्हीच वाहिले.

त्या दोघांचे काका राइनिसुआ हे कुळाचे प्रमुख होते. लाल कापडात गुंडाळलेले कुळाचे देवक त्यांच्याच घरी असे. त्यांनी थडग्यापुढे उभे राहून पूर्वजांना सांगितले, "राणीने ज्याला टाकला, त्याला आम्हीही टाकला." त्यांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. तेव्हा सारेच भीत होते.

पुढे जुनी राणी वारली आणि तिच्या मुलाने आमच्या साखळ्या तोडविल्या. मी घरी पोहोचलो. पत्नीने भाताच्या खरवडीचे गरम पाणी हाती दिले, ते पिऊन होण्याच्या आत राकेताका दारात उभी राहिली.

"दादा, त्याला कुठं ठेवलंत?"

"पूर्वेच्या रानात, वाटेच्या कडेला."

"दाखवाल?"

"अगं, मी तिथून आत्ता सुटून आलोय!"

"म्हणूनच तर वाट तुम्हाला ठाऊक आहे."

भाताची कापणी उरकल्यावर आम्ही गेलो. तिने हाताने माती उकरली, अस्थी साध्या कापडात घेतल्या आणि तान्हे मूल बांधावे तशा पाठीशी बांधल्या. परतीच्या चढणीवर मी ओझे मागितले तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी मीच वागवलाय याला. तेव्हा जड होता."

परंतु राइनिसुआकाकांनी थडगे उघडू दिले नाही. प्रमुखाने पहिली कुदळ मारल्याशिवाय त्या दाराला कोणी हात लावत नाही, अशी आमची रीत आहे. राकेताका भांडली नाही. तिने अस्थी आपल्या अंगणात पुरल्या, शेजारी माग मांडला आणि भावाचे कफन विणून ठेवले. वर्षे गेली. गावातील कित्येकांना तिच्या हातचे रेशीम लेवून आपापल्या जागी जाताना तिने पाहिले.

मग नवी राणी गादीवर आली. राज्याभिषेकाला तिच्या शेजारी देवक नव्हते, धर्मग्रंथ होता. पुढे राजधानीतून माणसे आली आणि गावोगावची देवके जाळण्यात आली. राइनिसुआकाकांनी आपले देवक स्वतःच आणून आगीत टाकले आणि पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात पहिल्या चटईवर बसले. ज्यांनी पूर्वी आमची नावे शिपायांना सांगितली होती, ते आता आमच्याहून मोठ्याने गात होते. तरीही मी त्या राणीचे उपकार मानतो. शाळा तिच्यामुळे निघाल्या, आणि हे लिहिणारा हात तिच्यामुळेच लिहू लागला.

आता रावेलू थडग्यातल्या आपल्या आईशेजारी जाईल असे राकेताकाला वाटले. मात्र घडले निराळेच. राजधानीहून आलेले तरुण पाळक रातुवू यांना रावेलूविषयी मनापासून आदर होता. धर्मासाठी प्राण देणाऱ्याला प्रार्थनाघराच्या दाराशी पुरावे, वर नावाचा दगड उभारावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तो पाहावा, असे त्यांनी ठरविले. आमच्या रीतीप्रमाणे थडगी उघडणे, तेथे दारू पिणे आणि नाचणे हे त्यांना जुन्या अंधाराचे काम वाटे. राइनिसुआकाकांनी तर लगोलग खड्डाही खणवून घेतला. तो त्यांनी दाराजवळच, पण प्रार्थनाघराच्या नैऋत्य कोपऱ्याशी खणवला. आमच्या घरांत ईशान्य कोपरा पूर्वजांचा आणि वडीलधाऱ्यांच्या खाटेचा; नैऋत्य कोपऱ्यात कोंबड्या असतात. गावकरी खड्डा पाहून गेले. कोणी त्याच्या जवळ उभे राहिले नाही.

रविवारी प्रार्थना संपताच राकेताका उठून उभी राहिली.

"काका, खड्डा कोंबड्यांच्या कोपऱ्यात का?"

"आता दिशाबिशा काही राहिल्या नाहीत पोरी," काका म्हणाले. "ते सगळं जुन्या राणीबरोबर गेलं. देवाला चारी कोपरे सारखेच."

"बरं झालं सांगितलंत. मग आज तुमची खाट नैऋत्येला हलवायची ना? मी येते उचलायला."

सारे प्रार्थनाघर हसले. मागून एक म्हातारी म्हणाली, "कोंबड्या कुठं जातील गं बिचाऱ्या?" त्यावर काकांची पत्नीही पदराआड हसली. काका तेवढे खाली पाहत राहिले.

पाळकबाबांनी हात वर करून सर्वांना शांत केले. "राकेताकाबाई, खड्डा आपण दुसरीकडे घेऊ. पण हा तुमच्या भावाचा मान आहे. त्याचं नाव शंभर वर्षं वाचलं जाईल."

"मान मोठा आहे, पाळकबाबा. एक विचारू? तुमची आई कुठं आहे?"

"वारली ती. आमच्या कुळाच्या थडग्यात आहे."

"आणि तुम्ही कुठं निजणार?"

पाळकबाबा प्रामाणिक मनुष्य होते. ते हळूच म्हणाले, "तिच्या शेजारी."

"मग माझ्या आईच्या लेकाला दाराशी राखणीला का बसवता? एका राणीनं त्याला साखळीत घातला, दुसरीच्या राज्यात त्याचा दगड करताय. त्याला घरी कोण नेणार?"

पाळकबाबांनी मान डोलावली. "न्या. पण दारू नको. ढोल नको."

"नको तर नको. ढोलावर त्याचा पाय नेहमी चुकायचाच."

आता केवळ राइनिसुआकाकांची कुदळ उरली होती. काका तिला बाजूला घेऊन जे म्हणाले ते मी जवळ असल्यामुळे ऐकले. "मला नको सांगूस गं. मी त्या सगळ्या पूर्वजांसमोर त्याला टाकला होता. आत जाऊन त्यांना तोंड कसं दाखवू?"

राकेताकाने त्यांना दोष दिला असता तर तो तिचा अधिकार होता. ती म्हणाली, "मी पुढे होते. तुम्ही माझ्या मागून या. अंधारात कोण कोणाचं तोंड बघतंय?"

ठरल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, काकांनी लांब दांड्याच्या कुदळीने पहिली माती काढली. कुदळ त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आम्ही दाराची शिळा बाजूला सारली. राकेताकाने अंगणातून काढून आणलेल्या अस्थी आपण विणलेल्या तांबड्या रेशमात गुंडाळल्या आणि ते गाठोडे छातीशी धरून ती वाकून आत गेली. तिच्यामागे दिवा घेऊन काका गेले, त्यांच्यामागे मी. पाळकबाबा टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभे राहिले.

रावेलूच्या आईच्या फळीवर जागा अपुरी होती. काकांनी दिवा माझ्याकडे दिला आणि आईचे गाठोडे दोन्ही हातांनी हलकेच भिंतीकडे सरकविले. तेव्हा राकेताका, जशी मुले भाताच्या ताटाभोवती बसताना बोलतात तशा साध्या आवाजात, म्हणाली, "आई, जरा सरक गं. रावेलू आलाय."

बाहेर पाळकबाबांनी ते ऐकले असावे. मग त्यांनीच प्रार्थनाघरातले गाणे सुरू केले.