एकदा वाजवलं की पुन्हा नाही

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारतो, त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. पण आधी मला थोडं चिडू द्या. कारण गेले काही दिवस जो भेटतो तो मला एकच प्रश्न विचारतोय – एकदा महोत्सवात वाजवून गेलेल्या बँडला पुन्हा बोलवावं की बोलवू नये?

अहो, का बोलवू नये? आपण एकाच गाड्यावरची मिसळ वीस-वीस वर्षं खातो. आवडता मल्ल एकदा मैदानात उतरला, म्हणून पुढच्या वर्षी त्याला दारातूनच परत पाठवतो का? मग गाणाऱ्यानंच काय घोडं मारलंय? ज्याला एकदा ऐकलं आणि अंगावर काटा आला, त्याला पुन्हा ऐकायची इच्छा होणं हा काय गुन्हा आहे? आणि गाणारा तरी दोन वर्षांपूर्वीचा तोच असतो का? त्याचा आवाज बदलतो, त्याच्या घरात काहीबाही घडतं, तेच गाणं तो वेगळं म्हणतो. 'दर वर्षी नवे चेहरे' – ऐकायला काय छान वाटतं! मला त्या वाक्याची चीड येते.

ते वाक्य माझंच आहे. तो नियम मी केला.

आमचा महोत्सव तसा लहान. जानेवारीत दोन दिवस, कॉलेजच्या मैदानावर. गावातल्या गाण्याची आवड असणाऱ्या आम्ही काही जणांनी सुरू केलेला. मी कॉमर्सचा प्राध्यापक, कमिटीचा पहिल्यापासूनचा चिटणीस. अध्यक्ष देसाईकाका. लोक म्हणतात, कोल्हापुरात बाहेरच्या मोठ्या नावांच्या मागे न धावता नव्यांना संधी देणारा हा एकच महोत्सव. एकदा वाजवलं की पुन्हा नाही, असा आमचा बाणा. दुसऱ्या गावच्या लोकांनी येऊन माझ्याकडून हा नियम समजून घेतलाय. मला शाल मिळालीय त्याबद्दल.

आता विजयबद्दल सांगतो. विजय कुरुंदवाडचा. तिथल्याच हायस्कुलात मराठी शिकवायचा. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. त्यानं 'नावाडी' नावाचा बँड काढला, तेव्हा सुरुवातीचे दोघं आम्हीच – तो गाणार आणि मी गिटार. जात्यावरच्या ओव्या, शेतातली गाणी, त्याच्या आजोळची कानडी गाणी – हे सगळं तो हलगी आणि गिटारवर म्हणायचा. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. थोडा खरखरीत, पण वर गेला की एकदम मोकळा. माझं वाजवणं – काय सांगू? मी लय धरून ठेवू शकत नसे. घाई करायचो. विजय गाता गाता माझ्याकडे बघायचा, हसून, सांभाळून घेत. त्या हसण्याचा मला किती राग यायचा हे त्याला कधी कळलं नाही.

पुढे पेठ वडगावची अश्विनी आली. वयानं आमच्यापेक्षा बरीच लहान. तिनं एकदा माझ्या जागी वाजवलं आणि मग ती जागा तिचीच झाली. मला कुणी काढलं नाही. विजय घरी आला, अवघडून बसला, म्हणाला की तालमींना दोघंही या. मीच म्हणालो की मला आता महोत्सवाचं काम आहे, वेळ होत नाही. त्याला ते खरं वाटलं. तो चहा पिऊन गेला.

पहिल्याच वर्षी 'नावाडी'ला बोलवायचं ठरलं. मी विरोध कशाला करू? सगळ्यांना वाटायचं, सुधीरचाच – म्हणजे माझाच – बँड. मी स्टेजच्या बाजूला उभा होतो. विजय गायला लागला आणि मैदान गप्प झालं – कोल्हापूरचं मैदान गप्प होणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला विचारा. अश्विनी वाजवत होती. कुठे घाई नाही, काही नाही. मी असताना ते गाणं कधीच असं झालं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं गाण्यात अडचण होती ती माझीच. हे मला शेकडो लोकांच्या टाळ्यांमध्ये कळलं, आणि मीही टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत पहिलंच नाव 'नावाडी'चं निघालं. सगळ्यांना ते हवे होते. देसाईकाका म्हणाले की समारोप त्यांच्याकडेच द्या. तेव्हा मी बोललो. अगदी शांतपणे. म्हणालो की 'नावाडी' माझे मित्र आहेत, म्हणून मीच हे बोलायला हवं – दर वर्षी तेच बोलावले तर नव्यांनी जायचं कुठं? आपण एक शिस्त पाळू. एकदा वाजवलं की पुन्हा नाही. दर वर्षी नवे चेहरे.

बैठकीत कौतुकाची लाट आली. स्वतःच्या मित्रांनाही वगळतो, काय हा माणूस! देसाईकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुम्हाला काय वाटतं, मला त्या वेळी लाज वाटली असेल? नाही. फार बरं वाटलं. वाईट काम करताना इतकी वाहवा मिळते, हे मला माहीत नव्हतं.

इथवरचं मी स्वतःशी पूर्वीही कबूल केलं होतं. मत्सर कुणाला होत नाही, असं म्हणून झोपलो होतो. खरं पुढेच आहे.

काही वर्षं गेली. 'नावाडी' जत्रांत, लग्नांत, बिद्रीच्या बाजूला गावोगावी गात होते. आमच्याकडे नाही. विजयनं कधी तक्रार केली नाही. मग एका डिसेंबरात तो कॉलेजात आला, दुपारी, स्टाफरूममध्ये. गळ्याला मफलर. त्याच्या घशात गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि स्वरयंत्राचा काही भाग काढावा लागणार होता. आमचा महोत्सव नेमका त्याच्या आधीच्या आठवड्यात येत होता. डॉक्टरांना विचारून आला होता तो. त्यांनी सांगितलं होतं, थोडं गायलात तर चालेल.

"दोनच गाणी म्हणतो की, सुधा," तो म्हणाला. "कुणाच्या बी अध्येमध्ये म्हणतो. परत म्हणायला मिळंल का न्हाई, काय म्हाईत."

आणि म्हणाला की आजाराचं गावभर करू नको, फक्त कमिटीच्या कानावर घाल.

मी त्याला म्हणालो की नियम आहे, पण मी विषय मांडतो. खांद्यावर हात ठेवला त्याच्या. दारापर्यंत सोडायला गेलो.

त्याच आठवड्यात बैठक झाली. सगळे विषय संपले. देसाईकाकांनी कागद आवरता आवरता विचारलं – अगदी सहज – की आणखी कुणाचं काही आलंय का? आणि मी म्हणालो, नाही.

एवढंच. हा माझा गुन्हा. मी विषय मांडला आणि तो नामंजूर झाला, असं नाही. मी तो मांडलाच नाही. मांडला असता तर एकानंही नियमाचं नाव काढलं नसतं. देसाईकाका स्वतः गाडी घेऊन त्याला आणायला कुरुंदवाडला गेले असते. हे मला पक्कं माहीत होतं – आणि माहीत होतं म्हणूनच मी गप्प बसलो. का? ते मैदान पुन्हा तसं गप्प झालेलं मला बघायचं नव्हतं. माणूस आजारी आहे, त्याचा आवाज जाणार आहे, आणि माझ्या डोक्यात काय, तर माझी गिटार!

मी त्याला फोन केला आणि सांगितलं की कमिटीनं नाही म्हटलं.  तो म्हणाला, "असू दे. नियम हाय न्हवं का. तू वाईट वाटून घिऊ नगं."

ऑपरेशन झालं. जीव वाचला. आता तो घोगरा, फुटक्या आवाजात बोलतो. दोन वाक्यांनंतर थांबावं लागतं. वर्गावर शिकवणं बंद झालं, शाळेनं त्याला ग्रंथालयात बसवलं. अश्विनी लग्न होऊन बेळगावला गेली. 'नावाडी' संपला. विजय मात्र दर जानेवारीत आमच्या महोत्सवाला येतो. पुढे बसतो, पोरांची गाणी ऐकतो. आणि एखादा तरुण बँडवाला कुरकुरला की आम्हाला परत का बोलवत नाहीत, तर विजय त्याला समजावतो. माझ्या कानांनी ऐकलंय मी. "आमाला बी न्हाई बोलीवलं परत. सगळ्यास्नी एकच न्याय हाय हितं." अभिमानानं सांगतो तो हे!

आणि यंदा तो नियम मोडला. मुंबईचा एक बँड, दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेला. जाहिरात देणाऱ्या बिल्डरला तोच पुन्हा हवा. बैठकीत चहा आला, आणि कप रिकामे व्हायच्या आत नियम गेला. ज्यांनी तो नियम म्हणजे आपला कणा आहे म्हणून भाषणं ठोकली, तेच म्हणाले की काळाबरोबर बदलायला हवं, गर्दी जमायला हवी. माझं डोकं असं तडकलं! मी उभा राहिलो. म्हणालो, "मोडायचाच होता तर तेव्हाच –" आणि थांबलो. देसाईकाका माझ्याकडे बघत होते. आता थकलेत ते. "बोला की सुधीरराव," म्हणाले. पुढचं वाक्य पूर्ण करायचं तर ते माझ्याच अंगावर येणार होतं. मी म्हणालो, काही नाही. आणि नियम मोडायच्या बाजूनं हात वर केला. हो, मीही मत दिलं.

ते पोस्टर बघून विजय परवा सकाळी घरी आला. बायको देवळात गेली होती. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. बसला, पाणी प्याला. मग थांबत थांबत विचारलं, "त्या साली... माझा विषय निघालता का रं बैठकीत?"

बघा, कुणी एवढी सोपी वाट करून देतं का? त्यानं नेमकं तेच विचारलं. एक शब्द बोलायचा होता मला.

मी म्हणालो, "निघाला होता. बराच वेळ चर्चा झाली. पण नियमापुढे कुणाचं काही चाललं नाही."

त्यानं मान हलवली. चेहरा जरा सैल झाला. "चर्चा तरी केलीसा," म्हणाला. मग दम घेऊन, "तू भांडला असशील माझ्यासाठी. म्हाईत हाय मला."

मी म्हणालो, "व्हय."

तो उठला. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला त्यानं, आणि मी तो धरू दिला.