एक जानेवारीचं पिठलं

मी काही फार मोठ्या विश्वासाची बाई नाही, हे आधीच कबूल करते. घाटनांदूरच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. एक जानेवारी हा आमचा सण, अशी साऱ्या गल्लीची ठाम समजूत. दरवर्षी मी केक करायची आणि दिवसभर माणसांची रीघ लागायची. यंदा मात्र ह्यांनी जाहीर केलं, की एक जानेवारी म्हणजे नुसता कॅलेंडर बदलायचा दिवस, तो आपण साजरा करायचा नाही. दार लावून दिवस मावळेपर्यंत उपवास-प्रार्थना करायची. मला ते पटलं, पण धास्तीही वाटली. केक नसेल तर आपल्या घरी कोण येणार? माणसं आपल्यासाठी येतात की केकसाठी, याचा निकाल लावून घ्यायची मला मुळीच हौस नव्हती.

त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून सतरंजीवर गुडघे टेकले. गॅस पेटवलाच नाही. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंना उपवास माफ होता, तरी त्या हट्टाने बसल्या आणि चारच्या सुमाराला तोंडावर पदर घेऊन तिथंच आडव्या झाल्या. ह्यांना प्रार्थनेत नेहमीच रडू येतं, तसं तेव्हाही आलं होतं. तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी विचारलं, "कावून दार लावलंय?" मधे उठायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले. माझी प्रार्थना एकच होती, प्रभू, या गल्लीत आम्हाला एकटं पाडू नकोस.

दिवस मावळताना दार वाजलं. उघडलं तर अंगणात अर्धी गल्ली मान खाली घालून उभी. शेजारच्या फातिमाखाला माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या. मागे कांबळे गुरुजी पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन उभे. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणून देतात, तसं.

"म्हातारी लई मायाळू व्हती," गुरुजी म्हणाले. "कवा गेली?"

"कुटं गेले?" सासूबाई आतून उठून आल्या. "हितंच हाय की मी! पिठलं कुणी आणलंय?"

खाला किंचाळल्या. गुरुजींच्या हातून टोपलं पडता पडता राहिलं. मग जो हशा पिकला, तो आवरेना. ह्यांनी समजावलं, की आज आमचा उपवास, आणि एक जानेवारी आमचा सण नाही.

"मग इतकी वरसं केक कावून खाऊ घातला?" खालांनी डोळे पुसत विचारलं.

उपवास सोडायची वेळ झालीच होती. ह्यांनी टोपल्यावर आशीर्वाद मागितला आणि सासूबाईंनी स्वतःच्या मयतीच्या दोन भाकरी चवीने खाल्ल्या.

देवाने माझं ऐकलं की लोकांचा गैरसमज झाला, यावर मी वाद घालणार नाही. त्याच्या हवाली केलेला दिवस त्याने त्याच्या पद्धतीने पार पाडला, याबद्दल त्याचे उपकार मानते. निघताना खालांनी सासूबाईंचा हात बराच वेळ सोडला नाही. त्यांचे डोळे अजून ओले होते. मला फार लाज वाटली. मनात म्हटलं, प्रभू, क्षमा कर, या माणसांची किंमत मी केकवरून करत होते.